पॉपॉच्या झाडावर सुके बोंबील

शेजाऱ्याचं वाईट व्हावं असं मनापासून वाटणं बहात्तराव्या वर्षी शोभत नाही, असं माझी मुलगी म्हणते. ती राहते टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला. तिनं तिच्या शेजाऱ्याचं तोंडसुद्धा धड पाहिलेलं नाही, तिला काय कळणार? मला माझा शेजारी बाराही महिने दिसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं हिरवंगार लॉन दिसतं, नवा लाकडी डेक दिसतो, आणि मागच्या फेब्रुवारीपासून ते दोन्ही दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याचा पहिला गुन्हा एका वाक्याचा. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. ओहायोतल्या या डब्लिनमध्ये आम्ही बत्तीस वर्षं काढली, तेव्हा फेब्रुवारी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. दाराशी गुडघाभर बर्फ, छपरावरचा बर्फ ओढायला लांब दांड्याचं खोरं, आणि मागचा ओढा दगड टाकला तरी फुटणार नाही असा गोठलेला. त्या दिवशी मात्र पारा सत्तर फॅरनहाइटवर. ओढा खळखळ वाहतोय, मेपलच्या कळ्या फुगल्यात, आणि अंगणात चक्कर मारून आले तर माझ्या मोज्यावर चक्क गोचीड. फेब्रुवारीत गोचीड! मी ती चिमट्यात धरून बघत उभी होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हा, शॉर्ट्स घालून, ग्रिल पेटवता पेटवता म्हणाला, "काकू, काय वेदर आहे यार! ग्लोबल वॉर्मिंग असं असेल तर आपल्याला तर चालेल."

आपल्याला! कोण रे तू आणि मी कोण? हा पुण्याचा, आयटीतला, पंचेचाळिशीचा माणूस, तीन वर्षांपूर्वी शेजारी राहायला आला. मनानं वाईट नाही असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं.

मला का चालणार नव्हतं ते सांगते. आमच्या मागच्या अंगणात, ओढ्याच्या काठाला, पॉपॉची दोन झाडं आहेत. पॉपॉ म्हणजे इथलंच रानातलं फळ. बाहेरून लहानशा हिरव्या आंब्यासारखं, पण कापलं की आत मऊ पिवळा गर आणि टपोऱ्या काळ्या बिया. सीताफळाचं भावंडच. दुकानात मिळत नाही, कारण पिकलं की दोन दिवसांत काळं पडतं. झाड ज्याच्या दारात, त्यानंच खायचं.

आमचे हे सासवडकडचे, सीताफळावर वाढलेले. शिकून अमेरिकेत आले आणि दीड तासावरच्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर इंजिनियर म्हणून लागले, ते थेट रिटायर होईपर्यंत तिथेच. तिथल्या एका अमेरिकन फोरमननं एकदा डब्यातून पॉपॉ आणलं. यांनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणे त्याचा सगळा डबाच रिकामा केला. मग त्याच फोरमननं दोन रोपं दिली. जोडीनंच लाव, एकट्याला फळ धरत नाही, असंही त्यानं बजावलं. तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरात लेबर डे उलटला की आम्ही दोघं मागच्या पायरीवर चमचे घेऊन बसायचो. हे डोळे मिटून खायचे, बिया अंगणात थुंकायचे आणि मग माझ्याकडे बघून हसायचे. एरवी फार हसणारा माणूस नाही. बॉयलरशी संसार केलेला, हसू मोजून मापून.

दोन वर्षांपूर्वी हवेनं पहिल्यांदा दगा दिला. मार्चमध्येच उकाडा झाला, झाडं फसली, आणि पानांच्या आधी येणारी ती लालसर तपकिरी फुलं तीन आठवडे लवकर उमलली. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की रात्री दव गोठणार, फ्रॉस्ट आहे. मी जुन्या चादरी काढल्या आणि मागच्या दाराशी गेले, तर हे आडवे आले. "दिवे लागले. आता झाडाला हात लावू नको, झोपलंय ते." थर्मोडायनॅमिक्स कोळून प्यायलेला माणूस! पण दिवेलागणीनंतर झाडाचं पान तोडायचं नाही, फांदीला हात लावायचा नाही, हे त्यांच्या आईनं लहानपणी डोक्यात घातलेलं, ते काही निघालं नाही. "अहो, ते मरेल ना झोपेत," मी म्हटलं. "झोपलेल्याला उठवायचं नसतं," हे म्हणाले. मी ऐकलं. मी का ऐकलं, देव जाणे. सकाळी सगळी फुलं काळी पडून लोंबत होती. त्या सप्टेंबरात एकही फळ नाही. हे पायरीवर जाऊन बसायचे, रिकामा चमचा खिशात घालून. "पुढच्या वर्षी," म्हणायचे.

आणि ऑक्टोबरात यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. तोंड एकीकडे ओढलं गेलं, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. मी स्वतः तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये काम केलेलं, तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं आणि काय गिळलं ते मला बरोबर कळलं. गिळण्यावरून आठवलं. यांचं गिळणंच बंद पडत चाललं होतं. थेरपिस्ट म्हणाली, मऊ, गुळगुळीत, चमच्यानं भरवता येईल एवढंच द्या, आणि तेही फार तर वर्षभर. मग पोटात नळी. म्हणजे हिशेब सरळ होता. यांच्या नशिबात आता एकच पॉपॉचा हंगाम उरला होता, आणि हवेला तर वेड लागलेलं.

आता समजलं, फेब्रुवारीतल्या त्या वाक्यानं माझं डोकं का फिरलं?

सूड घ्यायचा तर कुणाचा, हा प्रश्न मलाही पडला होता. हवेचा कसा घेणार? हवेला ना कानशील, ना कॉलर. शेजाऱ्याला दोन्ही होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच, हे मला कळत होतं. पण वांगं स्वतःहून समोर येऊन म्हणत असेल की मला चालेल, तर मी तरी काय करणार!

त्याचा दुसरा गुन्हा मार्चमध्ये घडला. थंडी पडलीच नाही, त्यामुळे डास मेले नाहीत, आणि एरवी मे महिन्यात येणारे डास मार्चच्या शेवटी घोंघावायला लागले. मग यानं काय करावं? एका कंपनीचा माणूस बोलावला. तो पाठीवर पंप लावून आला आणि त्यानं कुंपणाच्या कडेनं, झुडपांवर, थेट ओढ्यापर्यंत औषध मारलं. दर तीन आठवड्यांनी. "काकू, तुमच्याही यार्डमध्ये मारायला सांगू का? माझी ट्रीट." अंगणात दोन दिवसांत सगळं चिडीचूप. डास गेले, त्यांच्याबरोबर माश्या गेल्या, बारके काळे किडे गेले. आता पॉपॉचं असं आहे की त्याच्या फुलाला मधमाशी हुंगत नाही. त्या फुलाला कुजक्या मांसासारखा वास येतो आणि त्यावर येतात त्या घाणीवरच्या माश्या आणि किडे. तेच या झाडाचे परागकण त्या झाडाला नेतात. माश्या नाहीत तर फळ नाही. आणि इकडे फुलं पुन्हा लवकर उमललेली.

त्या एप्रिलमध्ये दोनदा फ्रॉस्ट आलं. या वेळी मी शहाणी होते. दुपारी चारलाच कामाला लागले, दिवेलागणीच्या पुष्कळ आत. चादरी पुरेनात, तेव्हा कपाटातल्या जुन्या साड्या काढल्या. लग्नातला शालू सोडून सगळ्या. त्या एकीला एक गाठी मारून जोडल्या आणि छपरावरचा बर्फ ओढायच्या खोऱ्यानं ढकलून ढकलून दोन्ही झाडांवर चढवल्या. बर्फ नाही तर निदान साड्या. हे खिडकीशी व्हीलचेअरवर बसून बघत होते. डावा हात वर करून त्यांनी घड्याळ दाखवलं, म्हणजे घाई कर, झाड झोपायची वेळ झाली. मी म्हटलं, "गप्प बसा हो, मागच्या खेपेला तुमचं ऐकून काय झालं ते पाहिलंय." दोन्ही वेळा फुलं वाचली.

राहता राहिल्या माश्या. तेव्हा मला तो फोरमन आठवला. तो म्हणे दर वसंतात पॉपॉच्या फांद्यांना कोंबडीची कातडी टांगायचा, माश्या याव्यात म्हणून. आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो. आता मी फ्रीजरचं दार उघडलं. मी अलिबागकडची. माझ्या फ्रीजरमध्ये कोंबडीची कातडी नसेल, पण भाचीनं शिकागोहून, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानातून आणून दिलेले सुके बोंबील कायम असतात. वर सुकटीचं एक पाकीट. मी ते सगळं बादलीत भिजत घातलं आणि गराजमागं दोन दिवस उन्हात ठेवलं. अगं बाई गं! मासे खाण्यात जन्म गेला माझा, पण मलाही पदर नाकाला लावावा लागला.

खोटं कशाला बोलू? तोपर्यंत ते फक्त झाडासाठी होतं. मग शेजारीणबाईंचा मेसेज आला. अक्षय्य तृतीयेला नव्या डेकवर आमरस-पुरीचं जेवण, पन्नास माणसं, काका-काकू तुम्ही नक्की या, काकांसाठी रस मिक्सरमधून काढून ठेवीन. मेसेज वाचला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे कुटुंब असं की श्रावणात घरात कांदा येत नाही. आणि वारा आमच्याकडे बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे आमच्या अंगणातून सरळ त्यांच्या डेकवर.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी बटाट्याच्या जाळीदार पिशव्यांत बोंबील भरले आणि दोन्ही झाडांना अकरा पिशव्या टांगल्या. या दिवशी जे कराल ते अक्षय टिकतं म्हणतात. टिको, म्हटलं.

दुपारी एकपर्यंत माश्या आल्या. कुठून आल्या, विचारू नका. औषध मारणाऱ्या कंपनीच्या नाकावर टिच्चून आल्या. निळ्या, हिरव्या, गलेलठ्ठ. पहिल्यांदा फुलांवर बसल्या. मी खिडकीतून बघत होते, एका झाडावरून दुसऱ्यावर ये-जा चाललेली. मग वारा सुटला. पलीकडे रेशमी कुर्ते, पैठण्या, हातात पुऱ्या, आणि मधोमध आमरसाचं मोठं पातेलं. आधी एका बाईनं रुमाल नाकाला लावला. मग कुणीतरी म्हणालं, गॅस लीक आहे का बघा. मग माश्यांना आमरसाचा पत्ता लागला. पन्नास माणसं ताटं उचलून आत पळाली! एक मुलगी किंचाळत होती, "ओह माय गॉड, इट्स ऑन द पुरी!" मी हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांत अशी हसले नव्हते. यांनासुद्धा सांगितलं. हे अर्ध्या तोंडानं हसले, मग मान हलवली आणि म्हणाले, "वाईट." मी म्हटलं, "असू दे."

संध्याकाळी तो आला. कुर्त्यावर आमरसाचा डाग, चेहरा लालबुंद. मी मागच्या अंगणातच होते, यांची खिडकी उघडी. तो म्हणाला, "काकू, हे तुम्ही मुद्दाम केलंत." मी म्हटलं, "हो." मग मीच सुरू झाले. तुझं वेदर, तुझं औषध, तुझं पाला उडवायचं पेट्रोलचं ब्लोअर, तुझं पाणी पिणारं लॉन, तुझ्या तीन गाड्या. फुलं अवेळी उमलतात, गोचिडी हिवाळाभर जगतात, आणि तू म्हणतोस आपल्याला चालेल? माझ्या झाडांना हात लावायचा नाही, औषधाचा एक थेंब इकडे येता कामा नये, आणि तुझ्या घरचं काहीही मला ऐकवायचं नाही. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "काकू, मी गेल्या तीन वर्षांत जेवढं काय जाळलं असेल ना, तेवढा कोळसा काकांनी एका शिफ्टमध्ये जाळलाय. चाळीस वर्षं. मग टांगा बोंबील स्वतःच्याच बेडरूमला."

असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी काही बोलायच्या आत उघड्या खिडकीतून आवाज आला, जड, ओढलेला. "खरंय."

शेजारी चपापला. त्याला माहीत नव्हतं हे ऐकताहेत. "सॉरी काका," म्हणाला आणि गेला. मी तिथेच उभी राहिले. माझा स्वतःचा नवरा, ज्याच्यासाठी मी एवढा तमाशा केला, तो त्या माणसाच्या बाजूनं बोलला! आत जाऊन मी यांना जेवण भरवलं, पण एक शब्द बोलले नाही. त्यांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. "धूर... माझा..." मी त्यांचं तोंड पुसलं आणि दिवा मालवला. तो कोळसा आम्ही खाल्ला, मुलीचं कॉलेज त्यातून झालं, हे घर त्यातून झालं. ते मला माहीत नव्हतं का? पण माहीत असणं वेगळं आणि परक्या माणसानं अंगणात उभं राहून ऐकवणं वेगळं. खोटं बोलला असता तर मी विसरले असते. खरं बोलला म्हणून मी फोन घेतला आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. त्याच्या बायकोचाही. मोठं समाधान वाटलं.

झाडांना नऊ फळं धरली. नऊ! मी रोज सकाळी मोजायचे. जूनमध्ये असा पाऊस कोसळला की ओढा कुंपणापर्यंत आला आणि दोन फळं झडून वाहून गेली. मग जुलैभर थेंब नाही. पानं कडेनं करपली. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, यांच्या आंघोळीचं पाणी, सगळं बादलीनं नेऊन घातलं. पलीकडे त्याचे स्प्रिंकलर चटचट फिरत असायचे आणि मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. एकेक फळ पिवळं पडून गळत गेलं. ऑगस्ट लागला तेव्हा एकच उरलं, कुंपणाकडच्या फांदीवर, मुठीएवढं, तुकतुकीत. मी यांना व्हीलचेअरवरून तिथपर्यंत नेऊन दाखवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लेबर डे उलटला की. मी भरवणार. पायरीवर बसून."

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीची वास्तुशांत होती. हे विमानात बसू शकत नव्हते. मी जाणार नव्हते, पण मुलगी फोनवर रडली, आणि मी हिशेब केला की पॉपॉ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी कधी पडलेलं नाही. इतक्या वर्षांत नाही. शुक्रवारी जाऊन रविवारी यायचं. यांना रोज सांभाळायला येणारी बाई दोन रात्री राहायला तयार झाली. तिला बजावलं की काही सीरियस असेल तरच फोन कर, आणि शेजारच्या घरातलं काहीही माझ्यापर्यंत आणू नकोस.

वर्षभर मी सगळ्या जगाला ओरडून सांगत होते की ऋतूंचं गणित बिघडलंय. फुलं तीन आठवडे आधी उमललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मग फळही तीन आठवडे आधी पिकेल एवढं साधं गणित मला येऊ नये? नाही आलं. मी फ्रिस्कोत, एकशे सहा डिग्रीत, एसी लावलेल्या घरात होमाच्या धुरानं डोळे पुसत बसले होते, आणि इकडे शनिवारी सकाळी फळ पडलं.

रविवारी संध्याकाळी टॅक्सीतून उतरले तर तो आमच्या ड्राइव्हवेवर उभा. हातात झाकण घातलेली एक छोटी वाटी. मला वाटलं, हे गेले. तो घाईनं म्हणाला, "काका ठीक आहेत काकू, एकदम ठीक. ते तुमचं फळ काल पडलं. आमच्या बाजूला. मी झाडाला हात नाही लावला, खरंच. फांदीवरच खारीनं एक बाजू खाल्लेली होती, मुंग्या लागायला लागल्या होत्या. तुम्हाला किती फोन केले, तुम्ही उचललेच नाहीत. बाई म्हणाली, इमर्जन्सी नाही, मी फोन करणार नाही. मग काकाच म्हणाले, दे."

मी विचारलं, "खाल्लं?" एवढाच शब्द निघाला.

"सहा चमचे. एकदाही ठसका नाही." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते बघूनही मला त्याचा रागच आला. "काकू, काका हसले. म्हणजे, पूर्ण. दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, काका बरेच झाले! व्हिडिओ काढायचं सुचलंच नाही, एका हातात वाटी, एका हातात चमचा. मग सातवा चमचा घेतला नाही. तुमच्यासाठी ठेव म्हणाले." त्यानं वाटी पुढं केली. गर काळा पडला होता.

मी वाटी घेतली. थँक यू म्हटलं की नाही आठवत नाही. आत गेले, तर हे झोपले होते, तोंड नेहमीसारखं एकीकडे ओढलेलं. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच तो चमचाभर गर खाल्ला. आंबूस लागला. मग यांना जागं करून विचारलं, कसं होतं? हे हसले. अर्धंच. त्यानंतर आजतागायत अर्धंच. नोव्हेंबरात नळी बसवली.

फोन मी त्याच संध्याकाळी तपासला. ब्लॉक केलेल्या माणसाचा फोन वाजत नाही, पण त्यानं निरोप ठेवला तर तो एका कोपऱ्यात जाऊन पडतो, हे मला मुलीनं फोनवर सांगितलं. तिथं तीन निरोप होते. पहिला सकाळी दहाचा. "काकू, फळ पडलंय, प्लीज फोन करा." दुसरा साडेअकराचा. "काकू, काका म्हणताहेत तुम्हाला विचारल्याशिवाय नको. आम्ही थांबलोय." तिसरा एकचा. त्यात त्याचा आवाज लांब आहे, आणि जवळ, अगदी फोनशी, यांचा. दोन शब्द, जीभ ओढत. "ये ना."

दहा ते एक. भुकेला माणूस, समोर वाटी, आणि मी येईन म्हणून तीन तास थांबला. शेजाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही, त्यानं पाहिलेलं ते हसू माझं होतं. पण उट्टं काढायला म्हणून मी जो नंबर बंद केला होता, त्या नंबरावरून मला हाक मारणारा माझा नवरा होता. आणि मी उचलला नाही.